नापास सुगंधा आणि निवडलेली मंडळी

एका जंगलात, मुलांनो, आणि ते कुठल्या तालुक्यात येतं हे मध्येच विचारायचं नाही, सुगंधा नावाची एक रानडुकरीण राहत होती. नाव तिच्या आईनं ठेवलं होतं. त्या दिवशी आईला सर्दी झाली होती.

सुगंधा अंगानं चांगली आडदांड होती. मुसकट खुपसलं की बैलाच्या डोक्याएवढा सुरण उकरून काढायची. पण तिला आजवर कुणी कधी कशासाठी निवडलं नव्हतं. लंगडी खेळताना गट पाडायचे, तेव्हा शेवटी सुगंधा आणि शेजारचं वारूळ एवढेच उरायचे. मग याकोब वानर जरा विचार करून वारूळ घ्यायचा.

तिला याचं फार वाईट वाटे. रानडुकराला वाईट वाटत नाही असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

तिची एकच मैत्रीण होती, मार्था घोरपड. मार्था हडकुळी, हुशार आणि पाठांतरात पक्की. सुगंधा माती उकरायची आणि मातीतून निघालेले किडे मार्था खायची. लहानपणापासून दोघींचं असं छान चाललं होतं.

हे जंगल खाडीच्या काठावर होतं. खाडीचं पाणी खारट. पिण्याच्या पाण्याचं एकच तळं, आणि त्या वर्षी ते इतकं आटलं की बेडकांनी त्यात आळीपाळीनं बसायचं ठरवलं. खाडीच्या पलीकडे मात्र हिरवंगार रान होतं, बारमाही झरा होता, आणि तिथे धनी राहत होता. धनी म्हणजे म्हातारा हत्ती. अलीकडचं, पलीकडचं सगळं रान त्याचंच. पण अलीकडच्यांपैकी कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं.

एका सकाळी पलीकडून एक धनेश पक्षी निरोप घेऊन आला.

"धन्यानं सांगितलंय, पाचव्या रविवारी सकाळी कासवाला पाठवतो. पलीकडे येऊन कायमचं राहायचं. आल्या आल्या प्रीतिभोजन आहे, सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. निवड मी हे जंगल रुजायच्या आधीच करून ठेवली आहे. काळजी नसावी."

एवढं बोलून धनेशानं अकरा उंबरं खाल्ली आणि तो निघून गेला.

काळजी नसावी, हे ऐकल्याबरोबर सगळ्यांना काळजी लागली. निवड केली आहे म्हणजे कुणाची? आपण आहोत ना त्यात?

आता या जंगलात प्राण्यांची एक मंडळी होती, आणि मंडळीचे पाळक, म्हणजे धर्माचं शिकवणारे गुरुजी, होते शांतवन बगळे. ते आटलेल्या तळ्यात एका पायावर उभे राहून दर बुधवारी शिकवत. आठवड्याचे वार जंगलात कुणी नेले, हे मला ठाऊक नाही. पण बुधवार होता, एवढं नक्की.

"निवड," पाळकसाहेब म्हणाले, "हा फार खोल विषय आहे."

तळ्याचं पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत होतं.

"धन्यानं निवडलं ते आपण जन्माला यायच्या आधी. म्हणजे आपल्या कुठल्याही गुणासाठी नाही. याला म्हणतात पूर्वनियुक्ती."

प्रभाकर मोर हळूच म्हणाला, "पिसाऱ्यासाठीसुद्धा नाही?"

"नाही."

"पण मला पुढे पिसारा फुटणार आहे, हे धन्याला आधीच ठाऊक असेल ना?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "चांगला प्रश्न आहे. बुधवारी घेऊ."

"आज बुधवारच आहे, साहेब."

"पुढच्या."

याकोब वानर फांदीवरून खाली उतरला. "सगळं आधीच ठरलेलं असेल, तर मी आत्ता तीमथ्याची काकडी पळवली, तर तेही आधीच ठरलेलं का?" असं म्हणून त्यानं तीमथ्य सशाची काकडी पळवली.

"हेही ठरलेलं," असं म्हणून तीमथ्य त्याच्या शेपटीला चावला. मग थोडा वेळ अभ्यास थांबला.

सुगंधा सगळ्यात मागे बसली होती. तिला ना पूर्वनियुक्ती कळली होती, ना काकडीचा मुद्दा. तिनं धीर करून विचारलं, "पाळकसाहेब, त्यात माझं नाव आहे का?"

सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. खरं तर प्रत्येकाला हेच विचारायचं होतं. पण कुणी विचारलं नव्हतं, कारण ते बरं दिसत नाही.

"ते धन्यालाच ठाऊक, सुगंधाबाई," पाळकसाहेब म्हणाले. "पण निवडलेल्याची लक्षणं असतात. पहिलं लक्षण म्हणजे मनाची शांती."

झालं. दुसऱ्या दिवसापासून अख्खं जंगल शांत राहायला लागलं. याकोब वानर फांदीवरून निसटला, तेव्हा पडता पडता तो फक्त "मी पडतोय" एवढंच म्हणाला. तीमथ्य ससा कोल्ह्यासमोर शांतपणे बसून राहिला. नशीब की कोल्हाही त्या आठवड्यात शांत होता.

सुगंधाला मात्र शांत बसणं जमेना. ती दिवसभर येरझाऱ्या घालायची आणि दिसेल त्याला विचारायची, "मी शांत दिसते का? खरं सांगा, दिसते का?"

पुढच्या बुधवारी पाळकसाहेब रागावले. "हा काय निर्लज्जपणा चाललाय? शांत बसता? म्हणजे तुम्ही स्वतःला निवडलेले समजायलाही लागलात? हा गर्व आहे! खरा निवडलेला थरथरतो. त्याला रात्रंदिवस काळजी असते."

मग सगळे काळजीला लागले. कोण जास्त काळजी करतो, याची चढाओढ सुरू झाली. प्रभाकर मोरानं काळजीनं आपली पिसं गळतात असं सांगितलं, आणि ती गळेनात म्हणून दोन स्वतःच उपटली. याकोब दर फांदीवर थांबून कण्हत होता. कोल्ह्यानं तर अन्न सोडलं, म्हणजे सकाळचं.

आणि नेमका त्याच दिवशी सुगंधाला दगडाच्या कपारीत एक मोठा सुरण सापडला. ती सगळं विसरून तो खात बसली.

मार्था धापा टाकत आली. "अगं, काय हे? काळजी कर ना!"

"करते गं," सुगंधा तोंडातला घास सावरत म्हणाली. "एवढं संपू दे."

तिसऱ्या बुधवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की परीक्षा होणार.

"कुणाला विषय नीट कळलाय, ते पाहायलाच हवं. निवड लायकीवर होत नाही, हे ज्याला बिनचूक सांगता येईल, तोच काठावर पुढच्या ओळीत उभं राहायला लायक."

मुलांनो, तुम्ही हसताय. तिथे कुणी हसलं नाही. सगळे पाठ करायला बसले.

परीक्षा तोंडी होती. प्रश्न एकच होता. "धन्यानं तुला का निवडावं?" आणि उत्तर होतं, "काहीच कारण नाही, साहेब." मार्थानं ते उत्तर तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं आणि तिचा पहिला नंबर आला. याकोब, तीमथ्य, कोल्हा, सगळे पास झाले. प्रभाकर मोरालाही "काहीच कारण नाही" म्हणावं लागलं. म्हणताना त्याचा आवाज चिरकला, पण म्हणाला.

मग सुगंधाला बोलावलं.

"धन्यानं तुला का निवडावं?"

सुगंधानं खूप विचार केला. पाठ केलेलं उत्तर तिला आठवेना. आठवलं ते वारूळ. मग तिनं मनात होतं तेच सांगून टाकलं.

"मी उकरते चांगलं. आणि मला ना, एकदा तरी कुणीतरी नाव घेऊन बोलवावं, असं फार वाटतं."

पाळकसाहेबांनी मान हलवली. "नापास."

तिच्यामागून गोगलगाय आली. ती काहीच बोलली नाही. ती पास झाली.

सुगंधा घरी जाऊन एका कोपऱ्यात पडून राहिली. मार्था तिच्याजवळ बसली. पहिल्या नंबराचा तिला आनंद झाला होता, आणि तो झाल्याची लाजही वाटत होती.

"मला निरोप द्यायला तरी येशील ना?" मार्थानं विचारलं.

"येईन की," सुगंधा म्हणाली. "शेवटच्या ओळीत उभी राहीन."

चौथ्या बुधवारी पाळकसाहेबांनी शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा सांगितला. कासव आलं की कुणीही स्वतःहून त्याच्या पाठीवर चढायचं नाही. स्वतः चढणं म्हणजे स्वतःच्या पायांवर भरवसा ठेवणं. निवडलेला चढत नसतो, त्याला चढवलं जातं. तेव्हा जागचं हलायचं नाही. सगळ्यांनी हे लिहून घेतलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी न हलण्याचा सराव केला.

रविवार उजाडला. सगळे खाडीच्या काठावर जमले. पास झालेले पुढे, ओळीत. मागे एकटी सुगंधा. तळं आदल्याच दिवशी पुरतं कोरडं पडलं होतं, आणि सगळ्यांचे घसे सुकले होते.

कासव आलं. चांगलं खळ्याएवढं मोठं होतं. काठाला लागून म्हणालं, "चढा."

कुणी हललं नाही.

"चढा की!"

पाळकसाहेब खाकरले. "तूच आम्हाला चढव."

कासवानं आपल्या चारी पायांकडे पाहिलं. "मी कासव आहे," ते म्हणालं.

"यादी आणली आहेस का?"

"यादी धन्याकडे. माझ्याकडे ओहोटी आहे. पाणी उतरलं की मी गाळात रुतेन. मग पुढच्या वर्षापर्यंत फेरी नाही. लवकर करा."

तरी कुणी हलेना. मार्थानं तर चुकून हलायला नको म्हणून खडकात नख्या रोवल्या. याकोबाला जन्मात पहिल्यांदाच इतका वेळ एका जागी उभं राहावं लागत होतं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खाडीचं पाणी हळूहळू उतरत होतं. कासवाच्या पोटाखाली गाळ दिसायला लागला.

मागून सुगंधा हे सगळं पाहत होती. हे सगळे पास झालेले, हुशार, निवडलेले. आणि हे इथेच उभे राहून तहानेनं मरणार. मार्थासुद्धा मरणार.

मग तिच्या मनात एक विचार आला. तिला विचार क्वचितच येत, त्यामुळे तो आलेला तिला लगेच कळला. आपण तर नापास. आपलं नाव नाहीच. मग हे सगळे नियम आपल्याला कशाला लागू होतील?

ती पुढच्या ओळीत शिरली. "मार्था, चढ."

"चढायचं नसतं गं," मार्था रडकुंडीला येऊन म्हणाली. "चढवलं जायचं असतं."

"अस्सं होय?" म्हणून सुगंधानं मार्थाच्या पोटाखाली मुसकट घातलं आणि जोर लावून तिला वर उडवलं. मार्थाची पकड जबरदस्त. खडकाचा एक तुकडाही तिच्याबरोबर गेला. मार्था कासवाच्या पाठीवर धप्पकन पडली, खडकासकट.

मग मार्था किंचाळली, "मला चढवलं! बघा, बघा, मला चढवलं!"

मग काय विचारता! जो तो सुगंधाकडे पाठ करून उभा राहिला. "सुगंधाबाई, जरा इकडे." "आधी मी, माझा दुसरा नंबर आहे." सुगंधा एकेकाला मागून ढुशी देत सुटली. तीमथ्य गेला, याकोब गेला, कोल्हा गेला, बेडकांची टोपली भरावी तशी रास गेली. प्रभाकरानं "पिसारा सांभाळून" असं सांगितलं आणि सुगंधानं सांभाळला. गोगलगायीला तिनं नुसती फुंकर मारली. वर पडताच प्रत्येकजण ओरडायचा, "मी निवडलेला!" ढुशी कुणी दिली, याची कुणाला आठवण नव्हती.

शेवटी पाळकसाहेब उरले.

"मला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"पण पाळकसाहेब," सुगंधा म्हणाली, "तुम्हाला तर पंख आहेत. तुम्हाला कधीही उडून जाता आलं असतं."

कासवावरचे सगळे पाळकसाहेबांकडे बघायला लागले. इतक्या बुधवारांत हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"तो वेगळा विषय आहे," पाळकसाहेब म्हणाले.

सुगंधानं त्यांना ढुशी दिली. ते फडफडत वर उडाले आणि कासवावर उतरले. पंख नीटनेटके करून म्हणाले, "मी स्वतःहूनच येणार होतो." मार्थानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. परीक्षेत हे वाक्य म्हटलं असतं तर भोपळा मिळाला असता.

कासव आता काठोकाठ भरलं होतं. "आणखी एकाचीही जागा नाही," ते म्हणालं आणि गाळातून अंग ओढत निघालं.

"पण सुगंधा?" तीमथ्यानं विचारलं.

"तिला कुणी चढवलं नाही," पाळकसाहेब हळू आवाजात म्हणाले. "यावरून काय ते समजा."

मार्था हमसून हमसून रडायला लागली. तिला पाण्यात उडी मारायची होती. पण नख्या कासवाच्या पाठीत रुतल्या होत्या आणि सुटता सुटेनात.

सुगंधा काठावर एकटी राहिली. आता मागून ढुशी द्यायला कुणीच नव्हतं. ती एका माडाला पाठ लावून थोडा वेळ उभी राहिली. माडानं काही केलं नाही. मग ती चिखलात बसली आणि रडली. चिखल मऊ होता, गार होता, पण तिला तो आज मुळीच आवडला नाही. मार्था पोचेल, पाणी पिईल, याचा तिला आनंद होता. पण मुलांनो, आनंद असतानाही रडू येतं. तुम्हाला ते पुढे कळेल.

एवढ्यात खाडीच्या मधोमध पाण्यातून एक सोंड वर आली. मग दोन कान. मग एक भलामोठा म्हातारा हत्ती पाणी निथळत काठावर आला. तो धनी होता.

आता तुम्ही विचाराल, धन्याला एवढं पोहता येत होतं, तर त्यानं स्वतःच येऊन सगळ्यांना का नाही नेलं? मीही लहानपणी हेच विचारलं होतं. मला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

"सुगंधा," धनी म्हणाला, "चल. जेवण खोळंबलंय."

सुगंधानं मागे वळून पाहिलं. मागे दुसरी कुणी सुगंधा नव्हती.

"पण मी नापास झालेय," ती म्हणाली.

"कशात?"

"निवड या विषयात."

धनी पोट धरून हसला. हत्तीला पोट धरता येत नाही, पण त्यानं सोंडेनं धरलं. "निवड माझी, आणि परीक्षा घेतली बगळ्यानं?" मग त्यानं सुगंधाला सोंडेत घेतलं आणि पाठीवर ठेवायला गेला. दोनदा त्याला थांबून दम घ्यावा लागला. "खातेस तरी काय तू?"

"सुरण," सुगंधा लाजून म्हणाली.

पलीकडच्या काठावर सगळे पाणी पिऊन पंगतीला बसले होते. पत्रावळी मांडल्या होत्या. धन्याच्या पाठीवर सुगंधा येताना दिसली, तशी पंगत उठून उभी राहिली. मार्था धावत सुटली ती थेट धन्याच्या पायाला धडकली.

याकोबाला मात्र वेगळीच घाई होती. "धनी, यादीत मी कितवा?"

"यादीत एकच नाव आहे," धनी म्हणाला.

प्रत्येकानं जरा छाती पुढे काढली.

"सुगंधा."

पुढे काढलेल्या छात्या परत आत गेल्या. मग तीमथ्यानं बारीक आवाजात विचारलं, "मग आम्ही?"

"तुम्ही पाहुणे. मला सगळेच हवे होतात. पण तुम्ही काही जागचे हलणार नाही, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला आणायला कुणीतरी नको का?"

प्रभाकर मोराला एकदम हुरूप आला. "म्हणजे हिच्यात ताकद होती म्हणून हिला निवडलं! गुणावरच झालं की हो! मग पिसाऱ्याचं काय?"

"छे," धनी म्हणाला. "आधी ती मला आवडली. ताकद मागाहून घातली."

"का आवडली?" पाळकसाहेबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांना खरोखर काहीतरी जाणून घ्यायचं होतं.

धन्यानं कान हलवले. बराच विचार केला. "ते काही मला सांगता यायचं नाही," तो म्हणाला. "वाढा आता."

सगळे जेवायला बसले. मार्था सुगंधाला चिकटून बसली. सुगंधासमोर सुरणाचा डोंगर वाढला होता. पण ती खाईना. ती धन्याकडेच बघत होती.

"काय झालं?" धन्यानं विचारलं.

"यादी," सुगंधा म्हणाली, "पुन्हा एकदा वाचता का?"

धन्यानं यादी पुन्हा मोठ्यानं वाचली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग सुगंधानं आणखी एकदा सांगितलं, आणि त्यानं आणखी एकदा वाचली.

तात्पर्य: मंडळीत परीक्षा जरूर घ्यावी, आणि निदान एकाला तरी नापास करून शेवटच्या ओळीत उभं करावं. सगळेच पास झाले, तर मागून ढकलणार कोण?